गावच्या कार्यक्रमातील मानपान कसा सांभाळावा

वाचनालयाचा सुवर्णमहोत्सव असो, व्यायामशाळेचे उद्घाटन असो किंवा निवृत्त शिक्षकांचा सत्कार. मंडप, जेवण आणि वर्गणी यांची व्यवस्था आठ-पंधरा दिवसांत लागते, परंतु पत्रिकेवर कोणाचे नाव कोणाच्या वर छापायचे या प्रश्नावर संयोजकांच्या बैठका मध्यरात्रीपर्यंत चालतात. पत्रिका हाती आल्यावर आपले नाव पाहून होणारा आनंद ते कोणाच्या खाली आहे हे दिसेपर्यंतच टिकतो. म्हणून नावे काढण्याआधी क्रमाचा निकष ठरवावा आणि तो कार्यकारिणीच्या इतिवृत्तात लिहून ठेवावा. आधी लिहिलेला निकष रुसलेल्या माणसापुढे ठेवता येतो; नंतर शोधून काढलेला निकष त्याला सबबच वाटते.

कार्यक्रमास शासकीय निधी असेल, तर हा निर्णय आपल्या हातात राहत नाही. तेथे राजशिष्टाचार लागू होतो आणि पत्रिकेचा मसुदा संबंधित कार्यालयाकडून तपासून घ्यावा लागतो. स्थानिक आमदाराचे नाव वगळल्यावरून थेट विधिमंडळात हक्कभंगाची सूचना मांडली जाते, हे लक्षात असू द्यावे.

कार्यक्रम संस्थेचा स्वतःचा असल्यास मी सुचवेन तो निकष असा: सध्याचे पद प्रथम, त्यानंतर माजी पदाधिकारी आणि उरलेली सर्व नावे अकारविल्हे. सरपंच, उपसरपंच, सोसायटीचे चेअरमन, दूध संस्थेचे चेअरमन, पोलीस पाटील, तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष अशी पदांची यादी गावागावांत लांबत गेली आहे, आणि प्रत्येक जण आपले पद मोठे मानतो. येथे ‘पाटील’ या शब्दाशी विशेष जपून वागावे लागते. महसुली पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपली. आजचा पोलीस पाटील हा १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाखाली नेमलेला असतो आणि तो जुन्या पाटील घराण्यातला असेलच असे नाही. पोळ्याला पहिला बैल कोणाचा, पालखीला पहिला खांदा कोणाचा, हे मान परंपरेचे आहेत आणि ते त्या त्या सणापुरते राहू द्यावेत. वाचनालयाच्या पत्रिकेत ते आणले की ज्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेरच थांबावे लागले, त्यांना पुन्हा तीच जागा दाखवल्यासारखे होते.

नावामागची विशेषणे हा वेगळा विषय आहे. मंत्र्यांसाठी ‘ना.’, आमदारांसाठी ‘आ.’, खासदारांसाठी ‘खा.’ ही अक्षरे पदाची आहेत, म्हणून पद गेल्यावर ती काढावीत आणि ‘माजी’ लिहावे. पद्म पुरस्कार नावाच्या आधी किंवा नंतर उपाधीसारखा लावू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केलेले आहे. पाहुण्यांचा परिचय करून देताना त्याचा उल्लेख अवश्य करावा. स्त्रियांच्या नावापुढे ‘सौ.’ की ‘श्रीमती’ हे त्यांनाच विचारावे. एका फोनचे काम आहे, पण ते टाळल्यामुळे झालेली चूक कोणी विसरत नाही.

महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींतील निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, तरीही व्यासपीठावरच्या खुर्चीत सरपंचांचे यजमान बसलेले अनेकदा दिसतात. खुर्चीला नावाची चिठ्ठी लावावी, पत्रिका सरपंचबाईंच्या हातात द्यावी, आणि त्या दोन मिनिटे बोलणार आहेत हे त्यांना चार दिवस आधी कळवावे. यजमानांसाठी पहिल्या रांगेत खुर्ची राखून ठेवली की बहुधा वाद होत नाही.

व्यासपीठावर विषम संख्येने खुर्च्या मांडाव्यात, म्हणजे मधली खुर्ची अध्यक्षांना देता येते. प्रमुख पाहुणे त्यांच्या उजव्या हाताला. मधोमध सोफा आणि कडेला प्लॅस्टिकच्या खुर्च्या अशी मांडणी केल्यास कडेच्या माणसांना जे कळायचे ते कळते. सूत्रसंचालकाने सर्व नावे एकदाच घ्यावीत आणि पुढच्या वक्त्यांना ‘व्यासपीठावरील सर्व मान्यवर’ एवढ्यावर थांबण्याची विनंती करावी. अन्यथा पहिली वीस मिनिटे संबोधनातच जातात.

सत्कारासाठी शाली एकाच दराच्या घ्याव्यात आणि यादीपेक्षा पाच जास्त आणाव्यात. आमच्या एका कार्यक्रमात चोवीस शाली आणल्या होत्या आणि सत्कारमूर्ती ऐनवेळी एकोणतीस झाले, तेव्हा बाजारातून घाईने पाच हलक्या शाली मागवल्या. त्यातली एक ज्यांच्या खांद्यावर पडली, त्या निवृत्त पोस्टमननी खाली बसल्यावर तिचा पदर दोन बोटांत चुरगाळून पाहिला, शेजारच्याच्या शालीलाही हात लावला, आणि काही न बोलता ती घडी करून पिशवीत ठेवली. हलगी किंवा सनई वाजवणाऱ्यांनाही कलावंत म्हणून नावाने पुकारावे आणि पाहुण्यांबरोबर एकाच पंगतीत बसवावे. सगळे उठल्यावर त्यांना मागे जेवायला घालण्याची पद्धत अजून पुष्कळ ठिकाणी आहे आणि ती मोडायलाच हवी.

एवढे करूनही एखादे नाव राहतेच. आमच्या आठशे पत्रिका छापून झाल्यावर वाचनालयाला जागा देणाऱ्या कुटुंबाचेच नाव सुटल्याचे ध्यानात आले आणि आम्ही रात्रभर बसून कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. त्या पट्ट्यांनी चूक झाकली नाही, उलट ती सगळ्यांच्या नजरेत भरली. त्याऐवजी त्याच संध्याकाळी अध्यक्ष आणि कार्यवाह यांनी स्वतः त्या घरी जावे, ओसरीवर बसून पहिला चहा होईपर्यंत विषय काढू नये, मग चूक आमची आहे एवढेच सांगावे आणि छापखान्याचे नाव घेऊ नये. कार्यक्रमात प्रास्ताविकाच्या पहिल्याच वाक्यात त्या कुटुंबाचा उल्लेख करावा. त्यातूनही ते आले नाहीत, तर दुसऱ्या दिवशी नारळ आणि शाल घेऊन पुन्हा जावे. त्या वेळी मात्र छायाचित्रकाराला बरोबर नेऊ नये.