बीडीएसएमचं (संमतीने बांधण्याच्या कामखेळाचं) फर्निचर वापरताय? या चुका टाळा

पंख्याच्या हुकाला माणूस टांगू नका. हूक आयताच असतो म्हणून मोह होतो, पण तो ४-५ किलोच्या पंख्यासाठी असतो. माणूस ६०-७० किलोचा, त्यात तो हलतो, आणि एक झटका बसला की ताण वजनाच्या दुप्पट-तिप्पट होतो. पीओपीच्या छताचा तर विचारही नको.

आम्ही एकदा बेडरूमच्या भिंतीत प्लास्टिकची गट्टी ठोकून कडी बसवली. पाण्याचे २० लिटरचे दोन जार टांगून पाहिले, कडी हलली नाही. मग मी तिला धरून अंग सोडलं, तर कडी, गट्टी आणि मूठभर प्लास्टर माझ्यासकट खाली! हात बांधलेले नव्हते म्हणून वाचलो. आता कडी स्लॅबमध्ये आहे, धातूच्या अँकर फास्टनरवर. मिस्त्रीला लाज वाटत असेल तर पंचिंग बॅगसाठी हवी म्हणून सांगा, वजन मात्र खोटं सांगू नका. कॅराबिनरही (उघडझाप होणारी धातूची कडी) गिर्यारोहणाच्या दुकानातलाच घ्या. किचेनचा दिसतो तसाच, पण भार पेलत नाही.

फुलीच्या आकाराचा क्रॉस नुसता भिंतीला टेकवून ठेवणं ही पुढची चूक. तो वर आणि खाली, दोन्हीकडे पक्का हवा. पण खरी भीती वेगळीच आहे. एरवी चक्कर आली की माणूस खाली पडतो, आडवा होतो आणि डोक्याला रक्त पोचतं. क्रॉसवर बांधलेल्याला पडताच येत नाही. तो मनगटांवर लोंबकळत राहतो. अशा वेळी त्याला स्वतःच्या अंगाने पेलून धरा, घोटे आधी मोकळे करा, मग हात. उलटं केलंत तर पाय अडकलेले असताना तो तोंडावर पडेल.

इथेच बकल दगा देतं. काटा असलेला पट्टा सोडवायला आधी आणखी घट्ट ओढावा लागतो, आणि त्यावर माणसाचा भार असेल तर तो ओढला जात नाही. म्हणून ओढताच सुटणारे हूक लावा, ॲम्ब्युलन्सवाले वापरतात तशी बोथट टोकाची कात्री हाताशी ठेवा आणि मोबाइलवर वेळ लावून सुटकेची तालीम करा. पहिल्या तालमीला आम्हाला दीड मिनिट लागलं. तेव्हा हसलो, नंतर सगळे पट्टे बदलले.

हात गरम आणि गुलाबी आहे म्हणजे मज्जातंतू ठीक आहे असं नाही. अधूनमधून बोटं हलवायला लावा, मनगट वर उचलायला लावा. मुंग्या आल्या, बधिर वाटलं की लगेच सोडा; ‘अजून दोनच मिनिटं’ नको. मनगट उचलताच येत नसेल तर थेट डॉक्टर.

दारू प्यायलेल्याने बांधू नये, बांधूनही घेऊ नये. बांधलेल्याला एकटं सोडून दार उघडायलाही जायचं नाही, कुरियर परत जाऊ दे. गळ्याभोवतीचं काहीही फर्निचरला अडकवायचं नाही. थांबण्याचा शब्द आधी ठरलेला हवाच. तोंड बंद असेल तर मुठीत किल्ल्यांचा जुडगा द्या. तो खाली पडला की खेळ थांबला.

बेंच घेताना कडा चाचपून बघा. काखेत किंवा कोपरात रुतणारी कड नको. रेक्झिन साबणपाण्याने पुसलं जातं, पण कच्चं लाकूड आणि चामडं सगळं शोषून घेतं, म्हणून वर चादर हवी. आणि पावसाळ्यात पार्टिकल बोर्ड फुगतो, बोल्ट सैल होतात. आमचा पान्हा जूनपासून पलंगाखालीच असतो.