तालमीत एकमेकांना सांगायचं कसं आणि ऐकायचं कसं

जत्रेचं नाटक म्हणजे सगळी हौशी मंडळी, दिवसा कोण बँकेत, कोण शाळेत, कोण वेर्ण्याला कंपनीत, आणि रात्री जेवून देवळाच्या मंडपात तालीम, त्यामुळे एखाद्याचं काही चुकत असलं तरी सांगायला कोण पुढे येत नाही, रागावला आणि उद्यापासून आलाच नाही तर काय करायचं! मग प्रयोगाच्या आदल्या रात्री सगळं एकदम बाहेर पडतं आणि भांडणं होतात.

आधी वेळ बघा. प्रवेश चालू असताना मध्येच टोकू नका, वहीत लिहून ठेवा आणि रनथ्रू, म्हणजे न थांबता केलेली सलग तालीम, झाल्यावर त्याच रात्री सांगा. व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अजिबात नको. वयाने मोठे असतील तर बाजूला घेऊन, "काका, एक विचारू?" असं म्हणून.

आता सांगायचं काय, तर जे दिसलं तेवढंच. "तुझ्यात एनर्जीच नाय" म्हटलं तर तो बिचारा करणार काय? त्याऐवजी "दुसऱ्या अंकात पत्र वाचताना तुझी पाठ प्रेक्षकांकडे होते, शेवटचे शब्द विंगेत पोचत नाहीत आणि माझी एंट्री हुकते" असं सांगा, म्हणजे कुठे, काय केलं आणि त्याने काय झालं हे तिन्ही आलं. क्लुगर आणि डेनिसी या दोघा अभ्यासकांनी १९९६ साली फीडबॅकवरचे बरेच प्रयोग एकत्र तपासले, सरासरीने फायदा दिसला पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी काम उलट बिघडलं होतं, आणि त्यांचं म्हणणं असं की लक्ष कामावरून उडून स्वतःवर गेलं की फायदा कमी होतो. म्हणून मला वाटतं एका रात्री एका माणसाला एकच गोष्ट, फार तर दोन. आणि उगाच खोटं कौतुक आधी चिकटवू नका, ते लगेच कळतं.

ऐकणाऱ्याने काय करायचं? "पण लाइटच उशिरा आला" हे तोंडावर येणारच, ते गिळा. "कुठल्या वाक्याला?" एवढं विचारा, नक्कलवहीत, म्हणजे आपले संवाद लिहिलेल्या वहीत, तिथेच पेन्सिलीने खूण करा आणि पुढच्या तालमीत एकदा तसं करून बघा, पटलं नसलं तरी. दोघांनी उलटसुलट सांगितलं तर दिग्दर्शकाला विचारा, शेवटचा शब्द त्याचाच.

बदल दिसला की सांगणाऱ्याने त्याच रात्री बोलायचं, "आज शेवटचा शब्द विंगेत ऐकू आला रे!"