कॉलनीच्या ग्रुपचे अ‍ॅडमिन नेमताना आणि तक्रारी हाताळताना या चुका टाळा

जुळे सोलापुरातल्या आमच्या कॉलनीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला तो नळाला पाणी कधी येणार हे कळावं म्हणून. आता त्यात गड्डा यात्रेचे फोटो, भाड्याच्या खोल्या आणि भांडणं, सगळंच असतं. अ‍ॅडमिन म्हणून मी स्वतः केलेल्या चुका आधी सांगतो.

जास्त बोलतो तोच अ‍ॅडमिन. दिवसाला पन्नास फॉरवर्ड टाकणाऱ्यालाच आम्ही अ‍ॅडमिन केलं. पुढे तक्रारी त्याच्याच फॉरवर्डवर आल्या आणि निवाडा करायला तोच बसला. लिहितो कमी पण वाचतो सगळं, असा माणूस शोधा. सेकंड शिफ्टवाला एक तरी हवाच, कारण वाद पेटतात ते रात्री अकरानंतर. आणि एकटा अ‍ॅडमिन कधीच नको. तो ग्रुप सोडून गेला तर व्हॉट्सअ‍ॅप कुणालाही आपोआप अ‍ॅडमिन करतं.

भाषा न कळता निकाल. आपल्याकडे एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी चालते. पुण्याहून आलेल्या एका काकांनी तक्रार केली, ‘मला शिवी दिली.’ मेसेज होता, ‘काय करुलाव बे?’ म्हणजे सोलापुरी बोलीत ‘काय करतोयस रे?’, शिवी नव्हेच. बाहेरच्याला हा ‘बे’ टोचतो हेही खरंच, म्हणून शेजाऱ्याने त्यांना घरी चहाला बोलावलं, मेसेज तसाच राहिला. तेलुगू मेसेजवर तक्रार आली तर तेलुगू वाचणाऱ्यालाच विचारा, अंदाजाने उडवू नका.

तक्रारदाराचं नाव फोडणं. स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकून ‘बघा कोण काय म्हणतंय’ केलंत, की पुढची तक्रार तुमच्यापर्यंत येत नाही. तक्रार अ‍ॅडमिनच्याच विरुद्ध असेल तर त्याने बाजूला व्हावं, दुसऱ्याने बघावी.

आधी डिलीट, मग विचार. अ‍ॅडमिनने मेसेज काढला की कुणी काढला ते नाव सगळ्यांना दिसतं. लिहिणाऱ्याला आधी खासगीत सांगा, बरेच जण स्वतःच काढतात. पैशांची फसवणूक असेल तर पुरावा जपून ठेवा आणि ज्याचे पैसे गेले त्याला लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला सांगा.

‘रिपोर्ट केलं, तरी अ‍ॅडमिन गप्प!’ व्हॉट्सअ‍ॅपला रिपोर्ट केलं की शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात, अ‍ॅडमिनला त्याचा पत्ताही नसतो. अ‍ॅडमिनला वेगळं कळवावं लागतं.

‘पोलीस मलाच धरतील’ म्हणून चांगली माणसं अ‍ॅडमिन व्हायला नको म्हणतात. केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून दुसऱ्याच्या पोस्टसाठी तो गुन्हेगार ठरत नाही, दोघांचा मिळून बेत असेल तर गोष्ट वेगळी, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं आहे.

कुलूप लावून विसरणं. वाद हाताबाहेर गेला तर ‘फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील’ ही सोय रात्रभरापुरती ठीक. पण कुलूप कोण काढणार ते लावतानाच ठरवा. आम्ही नाही ठरवलं. पहाटे पाणी येऊन गेलं, जाग आलेल्यांना ग्रुपवर लिहिता येईना आणि निम्म्या कॉलनीच्या टाक्या कोरड्याच.