अ‍ॅक्टिव्हेशन गेलं? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

जुन्या कॉम्प्युटरवर ‘अ‍ॅक्टिव्हेट विंडोज’ असा लायसन्सची खात्री न झाल्याचा मेसेज दिसला की लोक थेट फॉरमॅटला हात घालतात. हे बघून वीट आलाय. लायसन्स अनेकदा ठणठणीत असतं, बिघाड हार्डवेअरमध्ये असू शकतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे तारखेकडे न बघणं. मदरबोर्डवरचा (मुख्य सर्किट बोर्डवरचा) सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल संपला की वीज बंद होताच घड्याळ काही वर्षं मागे जातं. अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हरचं सर्टिफिकेट (ओळखपत्र) कॉम्प्युटर स्वतःच्या तारखेवरून तपासतो. तारीखच चुकीची असेल तर चांगलं सर्टिफिकेटही अवैध ठरतं आणि संपर्क होत नाही.

ओळखीच्या एका गृहस्थांचं मशीन असंच होतं. दिवसभर नीट चालायचं, रात्री स्विच बंद केला की सकाळी पुन्हा तोच एरर. त्यांनी विंडोज परत टाकलं, कुणाच्या तरी सांगण्यावरून नवीन की (लायसन्सचा कोड) विकत घेतली. बायोस (विंडोजच्या आधी चालणारा सेटिंग्जचा प्रोग्राम) उघडलं तर साल २००९! सेल बदलला, तारीख लावली आणि जुन्याच कीवर काम झालं. सेल गेला की बायोसची सेटिंग्जही मूळपदावर येऊ शकतात, हे कुणी लक्षातच घेत नाही. बंद ठेवलेलं ऑनबोर्ड लॅन (बोर्डावरचं नेटवर्क) चालू होतं, साटा मोड (डिस्क जोडण्याची पद्धत) बदलतो, मग कधी विंडोज सुरूच होत नाही. म्हणून मी ती सगळी सेटिंग्ज आधी मोबाइलवर टिपून ठेवतो. नव्या सेलला मल्टिमीटरवर ३ व्होल्टच्या थोडं वर रीडिंग येतं. २.८ च्या खाली दिसलं की मी विचार न करता बदलतो.

मदरबोर्ड बदलताय? ओईएम (कॉम्प्युटरसोबतच आलेलं) लायसन्स जुन्या बोर्डाशीच बांधलेलं असतं, रिटेल (वेगळं विकत घेतलेलं) असेल तर नव्या बोर्डावर नेता येतं. विंडोज १० असेल तर बोर्ड काढण्याआधीच लायसन्स मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडा. बोर्ड मेल्यावर ते जोडता येत नाही.

हार्ड डिस्कवर बॅड सेक्टर (खराब झालेले भाग) असतील तर लायसन्सची फाइलच खराब होऊ शकते. आधी स्मार्ट रिपोर्ट (डिस्कच्या तब्येतीचा अहवाल) बघा, डेटा दुसरीकडे घ्या, मग बाकीचं.



आणि क्रॅक (लायसन्स चुकवणारा बेकायदा प्रोग्राम) अजिबात नको. त्यातून मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) येऊ शकतं, शिवाय मूळ बिघाड तसाच राहतो.