डंपमधल्या पत्त्यावरून लिस्टिंगमधली ओळ कशी शोधावी

आयबीएमच्या मेनफ्रेमवरचा (मोठ्या संगणकावरचा) असेंब्ली प्रोग्राम ‘एस-झीरो-सी-सेव्हन’ने, म्हणजे आकड्याच्या जागी भलताच डेटा आल्याच्या चुकीने आपटला, की समोर दोन गोष्टी येतात: डंप (त्या क्षणीच्या मेमरीची छापील प्रत) आणि लिस्टिंग (असेंबलरने, म्हणजे असेंब्लीचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने, छापलेली प्रोग्रामची यादी). डंपमध्ये मेमरीतले पूर्ण पत्ते, लिस्टिंगमध्ये शून्यापासून मोजलेली अंतरं.

डंपमधून पीएसडब्ल्यूमधला (प्रोग्राम कुठवर आला ते सांगणाऱ्या नोंदीतला) पत्ता आणि प्रोग्रामचा लोड पॉइंट (मेमरीत तो जिथून सुरू होतो तो पत्ता) घ्या. पत्ता ८००२८१७० असा दिसला तर सुरुवातीचा ८ सोडा. ती ३१ बिट मोडची खूण आहे. उरला २८१७०. लोड पॉइंट २७८०८. आता वजाबाकी, पण हेक्समध्ये (सोळाच्या पायावर)! शेजाऱ्याकडून उसना घेतला की १० नाही, १६ मिळतात. उत्तर ९६८. घाईत दशमान पद्धतीने केलीत तर ३६२ येईल आणि तासभर भलत्याच ओळीकडे बघत बसाल. मॉड्यूलमध्ये अनेक सी-सेक्ट (प्रोग्रामचे स्वतंत्र भाग) असतील, तर बाइंडरच्या (ते भाग जोडणाऱ्या प्रोग्रामच्या) मॅपमधलं आपल्या सी-सेक्टचं अंतर आधी लोड पॉइंटमध्ये मिळवा.

९६८ ही चुकलेली सूचना (इन्स्ट्रक्शन) नव्हे, तिच्या पुढची. डंपमध्ये सूचनेची लांबी दिलेली असते: २, ४ किंवा ६ बाइट. इथे ६, म्हणून ९६२. लिस्टिंगमध्ये तिथे पॅक्ड बेरीज (एका बाइटमध्ये दोन दशमान अंक ठेवलेल्या आकड्यांची) सापडते. (मेमरीचं पेज न मिळाल्याने आलेल्या ‘एस-झीरो-सी-फोर’मध्ये मात्र पीएसडब्ल्यू त्याच सूचनेवर असतो, लांबी वजा करू नका.)

आता उलटा प्रवास, लिस्टिंगमधून डंपकडे. बेरजेचा दुसरा ऑपरंड (मिळवायच्या आकड्याची जागा) ९९९० असा छापलाय: पहिला ९ हा बेस रजिस्टर (ज्यात सुरुवातीचा पत्ता असतो), ९९० हे डिस्प्लेसमेंट (तिथून पुढचं अंतर). १९६४ च्या सिस्टीम/३६० पासूनची ही पद्धत. डिस्प्लेसमेंटला १२ बिट, म्हणजे ० ते ४०९५. डंपमध्ये रजिस्टर ९ मध्ये २७८०८ आहे, म्हणून पत्ता २८१९८. रजिस्टरची किंमत डंपमधूनच घ्या, कारण प्रोग्राममधली ‘यूझिंग’ ही ओळ ‘या रजिस्टरमध्ये बेस असेल’ असा फक्त असेंबलरला शब्द देते; रजिस्टर भरायचं काम आपलं. २८१९८ वर ४०४०४० दिसलं, म्हणजे आकड्याच्या जागी ईबीसीडिकमधल्या (मेनफ्रेमच्या अक्षर-संकेतातल्या) तीन स्पेस. चोर सापडला.

रिलेटिव्ह ब्रांचला (स्वतःच्या जागेपासून मोजून उडी मारणाऱ्या सूचनेला) बेस लागत नाही. तिचं अंतर हाफवर्डमध्ये (दोन-दोन बाइटमध्ये), त्याच सूचनेच्या सुरुवातीपासून मोजतात. सूचना ४२० वर आणि अंतर ००१८ असेल, तर हेक्समध्ये दुप्पट ३०, उडी ४५० वर. अंतराचा पहिला हेक्स अंक ८ किंवा त्याहून मोठा असला, तर उडी मागे असते.