अंगावर वजन असताना दम कसा राखावा

कुस्तीत खाली सापडलेला नवखा माणूस जवळजवळ नेहमी एकच चूक करतो: तो श्वास रोखून धरतो. पाठीवर जोडीदाराचे सत्तर किलो वजन येते, नाकाला माती लागते आणि काय करावे हे सुचण्याआधीच छाती आवळली जाते, दातांवर दात बसतात आणि हातांतली सगळी ताकद नुसत्या झटापटीत संपून जाते. अर्ध्या मिनिटात दम उखडतो. वरिष्ठांच्या रागाला तोंड देताना किंवा घरात अचानक मोठे आजारपण आल्यावरही शरीर हेच करते, मात्र तेथे ते आपल्या ध्यानात येत नाही. तालमीत ते ध्यानात येते आणि रोज सकाळी थोडे थोडे दुरुस्त करता येते. गदा मिळवण्याची आकांक्षा नसलेल्या, पण नोकरीधंदा सांभाळून तिशी-चाळिशीत लाल मातीत उतरू पाहणाऱ्या माणसासाठी हा क्रम लिहिला आहे.

तालीम निवडताना नावलौकिकापेक्षा वस्तादांकडे पाहावे. कोल्हापूरच्या गंगावेस किंवा मोतीबाग तालमीसारख्या ठिकाणी दिनक्रम मुख्यतः मैदानी कुस्ती लढणाऱ्या तरुण मल्लांसाठी आखलेला असतो. तेथे प्रौढ माणसाने आपला उद्देश आधी स्पष्ट सांगून, वेळ ठरवून घेऊनच जावे. आपल्या गावातल्या लहान तालमीत दोन-तीन सकाळी नुसते बसून पाहिले, तरी पुरेसे कळते. जोड लावताना वस्ताद वजन आणि वय पाहतात का, एखाद्याची मान अवघडली की लढत तत्काळ थांबवतात का, हरलेल्या पोराशी ते काय बोलतात, हे पाहावे. स्त्रियांना मॅटवर शिकवणारी केंद्रे अधिक सोयीची पडतात. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा २०२३ साली सांगलीत झाली, तीसुद्धा मॅटवरच.

पहिले सहा आठवडे कुस्ती धरू नये. फावड्याने आखाडा उकरणे, मग जोर, बैठका आणि सपाट्या (जोर व बैठक जोडून काढायचा व्यायाम) एवढेच करावे. ताक, हळद, लिंबू, तेल आणि कापूर घालून मळलेली माती हाताला मऊ लागली, तरी ती उकरताना पाठ आणि खांदे चांगलेच बोलू लागतात. या काळात आकड्यांच्या मागे न लागता एकच नियम पाळावा: प्रत्येक जोर काढताना शरीर वर उचलतेवेळी श्वास सोडायचा आणि श्वासाची लय तुटली की मोजणी तेथेच थांबवायची. वीस जोर लयीत निघणे हे साठ जोर दात-ओठ खाऊन काढण्यापेक्षा आपल्या कामासाठी अधिक मोलाचे आहे, कारण नंतर अंगावर वजन येईल तेव्हा उपयोगी पडणार आहे ती हीच लय.

त्यानंतर मुख्य भाग येतो, आणि त्याला मी सर्वांत जास्त वेळ द्यायला सांगेन. आपल्याइतक्याच किंवा थोड्या कमी वजनाच्या जोडीदाराला विनंती करावी. आपण गुडघे आणि हात टेकून खाली बसावे, त्याने मागून कब्जा घेऊन छातीचा भार आपल्या पाठीवर टाकावा. पहिल्या आठवड्यात सुटण्याचा प्रयत्नही करायचा नाही. फक्त एक मिनिट त्या भाराखाली राहून श्वास सावकाश, लांबवून सोडायचा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, हा शरीराचा नेहमीचा व्यवहार आहे, आणि उच्छ्वास लांबवल्याने त्याचा फायदा आपल्याला मिळतो. मी चौतिसाव्या वर्षी प्रथम असा बसलो, तेव्हा माझ्या पाठीवर सोळा वर्षांचा एक हलकाच पोरगा होता, तरी मला तो पोत्यासारखा जड वाटला आणि मी दोन्ही कोपरांनी उगाचच धडपडू लागलो. वस्ताद आखाड्याच्या कडेला बसून होते. ते उठलेसुद्धा नाहीत, तेथूनच म्हणाले, "गडबड करू नगंस. आधी दम खा." मी तीन वेळा श्वास सोडला आणि त्याच मुलाचे वजन निम्मे झाल्यासारखे वाटले. त्याने भार मुळीच कमी केला नव्हता. माझे खांदे सैल झाले होते, एवढेच.

दुसऱ्या टप्प्यात तीन उच्छ्वास झाल्यावर सुटकेचा एकच डाव करायचा. जोडीदाराचे मनगट धरून त्याची पकड तोडणे आणि एक पाय रोवून उठणे, हा साधा मार्ग महिनाभर घोटावा. दडपणाखाली दहा पर्याय आठवत नाहीत, एक आठवतो, आणि तोही हजारदा केलेला असेल तरच. तिसऱ्या टप्प्यात हेच सगळे थकलेल्या अंगाने करावे: आधी तीन मिनिटे खडाखडी (उभ्याने एकमेकांची पकड अजमावणे), मग लगेच खाली बसणे. चौथ्यात पाहणारे चार लोक आणावेत, कारण कोणी पाहत असले की दम वेगळ्या रीतीने उखडतो. आपल्या जत्रांमध्ये लहान मुलांच्या कुस्त्या आधी रेवड्यांवर किंवा नारळावर लावतात, मोठ्या इनामाच्या जोड्या नंतर लागतात. दडपणाचा घास वाढवत नेण्याची ही रीत आपल्याकडे जुनीच आहे आणि ती मोडण्याची घाई कोणी करू नये.

या क्रमात हार वारंवार पदरी पडते. कराड तालुक्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. मातीत वाढलेल्या त्या मल्लाला मॅट आणि आंतरराष्ट्रीय नियम दोन्ही नवे होते. चार वर्षांनी, १९५२ साली, हेलसिंकीत बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. आपली उमेद एवढी मोठी नसली, तरी हरल्यानंतरचे काम तेच असते: नेमके काय नवे होते, काय तुटले, हे शोधणे. त्या दिवशी संध्याकाळी वहीत 'वाईट हरलो' असे न लिहिता 'डावा हात लांब ठेवला, दस्ती (मनगट धरून हात ओढण्याचा डाव) खेचली गेली' असे लिहावे. पहिल्या वाक्यावर उद्या काही करता येत नाही, दुसऱ्यावर येते.

तालमीतला धीर घरी किंवा कचेरीत आपोआप येत नाही, असा माझा अनुभव आहे. शांतपणे लढणारे पुष्कळ मल्ल साध्या वादात भडकतात. तो धीर मुद्दाम न्यावा लागतो, आणि त्यासाठी दोन्हीकडे एकच खूण ठेवावी: तळपाय जमिनीवर पूर्ण टेकवणे आणि तीन लांब उच्छ्वास. गेल्या पावसाळ्यात वडिलांना रात्री अतिदक्षता विभागात हलवले, तेव्हा संमतिपत्र हातात घेऊन मी उभा होतो आणि एक ओळ चार वेळा वाचूनही अर्थ लागत नव्हता. खांदे कानांपर्यंत चढले होते. मी चपलेत बोटे रोवली, श्वास सोडला, पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचले आणि डॉक्टरांना दोन प्रश्न विचारून मग सही केली. भीती गेली नव्हती. तिच्याखाली हात मोकळे राहिले होते.

काही पथ्ये सक्तीची आहेत. रक्तदाब, हृदयविकार किंवा मानेचे दुखणे असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय आखाड्यात उतरू नये. मानेवरचा पूल (डोके टेकवून मानेच्या आधाराने अंगाची कमान करणे) पहिल्या सहा महिन्यांत करूच नये. ज्यांना अंग दाबले गेल्यावर जुना आघात आठवतो किंवा घबराटीचे झटके येतात, त्यांनी आधी मानसोपचारतज्ज्ञांशी बोलावे; अशा माणसाला जबरदस्तीने भाराखाली ठेवणे म्हणजे जखमेवर पाय देणे आहे. हाताने दोनदा थोपटले की जोडीदाराने क्षणात सोडायचे, हे सुरुवातीलाच ठरवून घ्यावे. नखे कापलेली असावीत आणि सराव संपल्यावर साबणाने आंघोळ करावी, नाहीतर गजकर्ण हमखास होते.

आंघोळीपूर्वी मात्र पाच मिनिटे अंगाला माती चोळून आखाड्यातच आडवे पडावे. श्वास नेहमीसारखा होईपर्यंत किती उच्छ्वास लागले, ते मोजून वहीत तारखेसमोर लिहावे. माझ्या वहीत पहिल्या महिन्यात तो आकडा साठच्या खाली येत नव्हता. परवा सोमवारी बावीस होता.