गिटार मॉडेलरला मिडी जोडताय? या चुका टाळा

चोपड्याजवळच्या एका गावात हळदीचा कार्यक्रम होता. रात्रीचे साडेदहा वाजलेले, एक संथ अहिराणी गाणं रंगात आलेलं, मी क्लीन आवाजावर हलकेच कॉर्ड सोडत होतो. अंतरा सुरू झाला आणि गिटारनं डरकाळी फोडली. फुल डिस्टॉर्शन. पहिल्या रांगेतल्या बायका दचकून माझ्याकडे बघायला लागल्या. मी पायानं पॅच, म्हणजे साठवून ठेवलेला आवाज, जागेवर आणला, तर पुढच्या अंतऱ्याला पुन्हा तेच.

यंत्र गेलं, असं मी त्याच रात्री ठरवून टाकलं. सकाळी जळगावला घरी सगळं जोडून बघितलं तर मॉडेलर, म्हणजे अँप आणि पेडलांचे आवाज डिजिटल पद्धतीनं काढणारं माझं यंत्र, ठणठणीत. टेम्पो जुळावा म्हणून मी आमच्या नानाच्या कीबोर्डचा मिडी आउट माझ्या मॉडेलरच्या मिडी इनला जोडला होता. नाना अंतऱ्याला स्टाइल, म्हणजे कीबोर्डचा तयार ठेका आणि साथ, बदलायचा, त्याचा कीबोर्ड त्यासोबत प्रोग्रॅम चेंजचे, म्हणजे आवाज बदलायचे, हुकूम बाहेर सोडायचा आणि माझा मॉडेलर ते निमूट पाळायचा. नानाला सांगितलं तर म्हणाला, "मन्हं काय चुकनं रे भो?" खरंच, त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

मिडी ही वाद्ययंत्रांची आपापसातली भाषा. तिच्या तारेतून आवाज जातच नाही, फक्त हुकूम जातात. हा नंबर लाव, हे बटण चालू कर, इतका टेम्पो धर. म्हणून मिडी जोडल्यावर मॉडेलर वेड्यासारखा वागायला लागला, की दुरुस्तीवाल्याकडे नेण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: याला हुकूम कोण देतंय?

सगळ्यांचं ऐकणारा मॉडेलर

माझी चूक ओम्नीची होती. मिडीच्या एका तारेत १६ चॅनेल असतात. यंत्र ओम्नीवर असलं की ते सोळाही चॅनेलवरचे हुकूम आपलेच समजतं. नवं यंत्र खोक्यातून काढल्यावर ते कशावर ठेवलेलं आहे हे न बघता आपण तार खुपसतो. ग्लोबल सेटिंगमध्ये मिडीचं पान उघडा आणि रिसीव्ह चॅनेल एक ठरावीक नंबर करा.

पण ऑर्केस्ट्रात एवढ्यानं भागेलच असं नाही. स्टाइलवाला कीबोर्ड बेस, कॉर्ड, ड्रम, हाताचे आवाज असं सगळं वेगवेगळ्या चॅनेलवर पाठवतो. ऑक्टोपॅडही जोडलेला असेल तर ड्रमचं चॅनेल रिवाजानं १० असतं. मोकळं चॅनेल शोधत बसण्यापेक्षा मॉडेलरमध्ये 'प्रोग्रॅम चेंज रिसीव्ह' बंद करा. हेच काम कीबोर्डच्या बाजूनंही होतं, तिथे पाठवणं बंद करता येतं. मी मात्र आपल्याच यंत्रात बंद करा म्हणेन. कीबोर्ड कधी भाड्याचा येतो, कधी नानाचा भाचा वाजवायला बसतो, आणि कुणी कुठली सेटिंग बदलली हे मंडपात कळत नाही.

तुमचा स्वतःचा फूट कंट्रोलरही (पायानं दाबायच्या बटणांची पाटी) प्रोग्रॅम चेंजच पाठवत असेल, तर ते बंद करून चालणार नाही. मग कंट्रोलरला एकट्याचं चॅनेल द्या आणि कीबोर्डची तार मॉडेलरपर्यंत येऊच देऊ नका.

एका आकड्यानं घात

हा घोटाळा प्रत्येकाला एकदा तरी चकवतो. कंट्रोलरवर १२ दाबता, मॉडेलर १३ उघडतो. किंवा ११. यात बिघाड कुठलाच नाही. मिडीत प्रोग्रॅमचे नंबर ० ते १२७ असे धावतात. काही कंपन्या ते तसेच दाखवतात, काही माणसाच्या सोयीसाठी १ ते १२८ असे. एक यंत्र शून्यापासून मोजतं, दुसरं एकापासून, आणि आपण मधे सापडतो.

बँका, म्हणजे प्रीसेटचे (साठवलेल्या पॅचचे) गट, आल्या की गुंता वाढतो. लाइन ६ च्या हेलिक्समध्ये एका बँकेत ए, बी, सी, डी असे चार प्रीसेट असतात. म्हणजे ०१ए हा नंबर ०, आणि ०५सी काढायचा तर चार बँकांचे सोळा अधिक दोन, म्हणजे १८. एकापासून मोजणाऱ्या कंट्रोलरवर तोच १९ दिसेल. त्याच घरातल्या एचएक्स स्टॉम्पमध्ये बँकेत तीनच प्रीसेट, म्हणून तिथे ०५सी हा १४ होतो. मित्राच्या कंट्रोलरची फाइल उचलून आपल्याकडे टाकली की सगळी गाणी सरकतात ती अशी.

उपाय अगदी साधा. कंट्रोलरवरून सगळ्यात लहान नंबर पाठवा आणि मॉडेलर कुठला प्रीसेट उघडतो ते बघा. फरक किती ते कळलं की वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

प्रीसेट १२८ पेक्षा जास्त असतील, तर एकटा प्रोग्रॅम चेंज पुरत नाही. आधी बँक सिलेक्ट जावा लागतो, म्हणजे कंट्रोल चेंज (नॉब-बटणांचे आकडे पाठवणारा हुकूम) ० आणि ३२, आणि त्यानंतर प्रोग्रॅम चेंज. क्रम उलटा झाला की हव्या त्या नंबरचा पण भलत्याच बँकेतला आवाज येतो. आणि नुसता बँकेचा हुकूम पाठवून काही हलत नाही म्हणून त्रागा करू नका. मागून प्रोग्रॅम चेंज आल्याशिवाय यंत्र जागचं हलत नाही.

ओळीच्या मधेच प्रीसेट बदलणं

"मिडीनं बदललं की आवाज क्षणभर तुटतो, मिडी स्लो आहे" असं बरेच जण सांगतात. मिडीची तार १९८३ पासून सेकंदाला ३१,२५० बिट या वेगानं चालते. प्रोग्रॅम चेंज दोन बाइटचा, प्रत्येक बाइटला तारेत दहा बिट लागतात, म्हणजे हुकूम पोचायला एक मिलिसेकंदसुद्धा लागत नाही. वेळ खातो तो मॉडेलर. प्रीसेट बदलला की त्याला अँप, कॅबिनेट, डिले, रिव्हर्ब असा सगळा संसार मोडून नवा थाटावा लागतो.

म्हणून एका गाण्याला एकच प्रीसेट ठेवा आणि त्याच्या आत स्नॅपशॉट किंवा सीन वापरा. त्यात ब्लॉक तेच राहतात, फक्त चालू-बंद आणि नॉबचे आकडे बदलतात, त्यामुळे आवाज तुटत नाही. हेलिक्समध्ये स्नॅपशॉट बदलायला कंट्रोल चेंज ६९ पाठवायचा, ० म्हणजे पहिला आणि ७ म्हणजे आठवा. इथेही मोजणी शून्यापासूनच. दुसऱ्या कंपनीचा नंबर वेगळा असेल, तो मॅन्युअलच्या शेवटी तक्त्यात असतो. मॅन्युअल कुणी वाचत नाही हे मला माहीत आहे, पण तेवढा एक तक्ता मोबाइलवर फोटो काढून ठेवाच.

बटण दाबलं की चालू, सोडलं की बंद

फूट कंट्रोलरवर सोलोसाठी ड्राइव्ह लावला. पाय ठेवला तोवर चालू, पाय उचलला की बंद. कंट्रोलर मोमेंटरी मोडवर आहे: दाबताना १२७ पाठवतोय, सोडताना ०. बहुतेक मॉडेलर ० ते ६३ ला बंद आणि ६४ ते १२७ ला चालू समजतात. कंट्रोलरचं बटण टॉगल करा, म्हणजे एका दाबाला चालू, पुढच्या दाबाला बंद. मात्र काही मॉडेलर कुठलाही आकडा आला की स्वतःच उलटतात. तिथे मोमेंटरी बटण दाबल्यावर चालू करतं आणि सोडल्यावर तेच बंद करतं. अशा वेळी कंट्रोलर प्रत्येक दाबाला एकच आकडा पाठवील असं बघायचं. कोण टॉगल करणार, कंट्रोलर की मॉडेलर, हे एकदा ठरवा. दोघांनी करायचं नाही.

टेम्पोचे दोन मालक

मिडी क्लॉक, म्हणजे टेम्पोचा हुकूम, एका ठोक्याला २४ टिक पाठवतो. १२० च्या टेम्पोला सेकंदाला ४८. कीबोर्डचा क्लॉक मॉडेलर धरत असेल, तर तुम्ही पायानं कितीही टॅप केलं तरी तो दाद देणार नाही, आणि आपल्याला वाटतं टॅपचं बटण गेलं. आपल्याकडच्या कार्यक्रमात आणखी एक गंमत होते. वरातीच्या गाण्यात लोक नाचायला लागले की नाना टेम्पो हळूहळू वर चढवतो. दर वाढीला डिलेची वेळ बदलते, आणि चालू असलेल्या डिलेची वेळ बदलली की आवाज रबरासारखा ताणला जातो. सूर हललेला ऐकणाऱ्याला नेमकं काय झालं ते सांगता येत नाही, पण गिटारवाला बेसूर आहे एवढं तो नक्की सांगतो. मी शेवटी क्लॉक घेणंच बंद केलं. पायानं टॅप करतो.

तारा

यूएसबीवाला फूट कंट्रोलर आणलात आणि त्याची तार थेट मॉडेलरच्या यूएसबीत लावलीत, तर बहुतेकदा काही होणार नाही. दोन्ही यंत्रं कॉम्प्युटरची वाट बघत बसलेली असतात, यजमान कुणीच नाही. मधे यूएसबी मिडी होस्टची डबी लागते, नाहीतर सरळ पाच पिनांची केबल.

साडेतीन मिलिमीटरच्या जॅकमध्ये टाइप ए आणि टाइप बी अशा दोन जाती आहेत, दोघांत टिप (जॅकचं टोक) आणि रिंग (त्यामागचं कडं) उलट. २०१८ मध्ये टाइप ए प्रमाण ठरला, पण त्याआधीची यंत्रं बाजारात अजून फिरतात. जुळली नाही तर यंत्र जळत नाही, नुसतं मुकं राहतं. आणि काही कंट्रोलर पाच पिनांच्या तारेतूनच वीज घेतात. स्वस्त मिडी केबलमध्ये तीनच तारा असतात, त्यांवर असा कंट्रोलर चालू होत नाही.

आउट आणि थ्रू यांतही गल्लत होते. थ्रूमधून फक्त इनला आलेलंच पुढे जातं, यंत्राचं स्वतःचं काही नाही.

मंडपातली वीज आणि खानदेशातलं ऊन

यावर बोलावं तितकं थोडं. जनरेटर बदलताना क्षणभर वीज गेली की ट्यूब लुकलुकते आणि लोक विसरून जातात, पण मॉडेलर रीबूट होतो. तेवढ्यात एक अख्खं कडवं जातं. लहान यूपीएस ठेवा. अडाप्टरचा नुसता व्होल्टेज बघू नका. साध्या पेडलला ९ व्होल्टवर काही मिलिअँपिअर पुरतात, तर एचएक्स स्टॉम्पसारख्या यंत्राचा स्वतःचा अडाप्टर ३ अँपिअरचा असतो. पेडलच्या सप्लायवर असा मॉडेलर लावला की तो सुरू होतो, लोगो दाखवतो आणि बंद पडतो.

घूं घूं आवाज येत असेल तर मिडीची पाच पिनांची तार काढायच्या आधी यूएसबीची काढून बघा. पाच पिनांच्या तारेत इनला ऑप्टो-आयसोलेटर असतो, दोन यंत्रं विजेनं जोडली जात नाहीत. यूएसबीत तसं काही नसतं, लॅपटॉपच्या चार्जरची घाण सरळ गिटारमध्ये येते. चार्जर काढल्यावर आवाज थांबला तर चोर सापडला. पण घूं घूं थांबावी म्हणून प्लगची अर्थिंगची पिन तोडणारा वायरमन भेटला, तर त्याला हात लावू देऊ नका. एका हातात गिटारची तार आणि ओठ माइकला, अशा वेळी करंट लागला तर सूर तपासायला कुणी उरणार नाही.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो. दुपारी बंद गाडीत ठेवलेल्या मॉडेलरचा स्क्रीन काळवंडलेला मी बघितला आहे. सावलीत आणल्यावर आला परत. पेडलबोर्डवर ओला रुमाल टाकून 'थंड' करणारेही बघितले आहेत.

मंडपातच गडबड झाली तर

सगळ्यात आधी मिडी इनची तार उपटा आणि मॉडेलरच्याच बटणांवर वाजवा. वेडेपणा थांबला, तर हुकूम बाहेरून येतोय. थांबला नाही, तर मग यंत्राकडे, अडाप्टरकडे बघा. घरी आल्यावर लॅपटॉपवर मिडी मॉनिटरचं फुकटचं सॉफ्टवेअर उघडून कीबोर्डची तार त्यात लावा आणि एक स्टाइल बदला. किती हुकूम धडाधडा येतात ते डोळ्यांनी दिसलं की पुन्हा कुणी ओम्नीवर ठेवत नाही.

नवा फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) टाकायचा असेल तर आधी बॅकअप घ्या, आणि कार्यक्रमाच्या दिवशी तर अजिबात टाकू नका.

नाना आता अंतऱ्याला स्टाइल बदलण्याआधी माझ्याकडे बघून भुवई उडवतो, परवानगी मागितल्यासारखी. मीही मान हलवतो. त्याच्या कीबोर्डला लावलेली तार मी केव्हाच काढून घेतली आहे, हे त्याला अजून सांगितलेलं नाही.